जाऊबाईंचा गुडघा

आळंद

कर्नाटकाच्या बसमध्ये बायकांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. प्रवास फुकट असला तरी तिकिटातून सुटका नाही. कंडक्टर रीतसर मशीनमधून कागद फाडून देतो आणि बायका तो कागद जपून पिशवीत ठेवतात. ही सोय फक्त कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना आहे, त्यामुळे अक्कलकोटहून आळंदकडे जाणाऱ्या बसमध्ये पैसे देणारी बाई मी एकटीच निघाले. सगळ्या बसनं ते पाहिलं.

"कामून पैशे दिलाव?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"मी महाराष्ट्रातली आहे."

"मग तुमच्याकडं काय देत्यात बायांना?"

"अर्धं तिकीट."

"अर्धंच?" ती म्हणाली आणि माझ्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. सहानुभूती इतक्या लवकर मिळण्याची मला सवय नाही. मी मान खाली घालून लाडू खाल्ला आणि आळंद येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर तूर कापून रचलेली होती, ज्वारी कमरेइतकी उभी होती, आणि रस्त्यावरच्या पाट्या मराठीतून कन्नडमध्ये गेल्याचं मला बऱ्याच उशिरा कळलं.

मी मूळची पुण्याची, सोलापूरच्या एका रुग्णालयात संशोधन विभागात काम करते. आमचा अभ्यास गुडघ्याच्या सांधेबदलाचा आहे. ही शस्त्रक्रिया करताना बरेच सर्जन मांडीला हवेचा पट्टा आवळून पायातलं रक्त तेवढ्यापुरतं थांबवतात. काहीजण पट्टा न लावताच करतात. शस्त्रक्रियेनंतर कधी कधी पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरते. पोटरी सुजते, गरम होते, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. पट्ट्यानं ही भीती वाढते का, हे आम्हाला बघायचं आहे. कुणाला पट्टा लावला होता ते रुग्णालाही सांगत नाहीत आणि मलाही नाही. माझ्याकडे फक्त एक टेप, एक कोनमापक आणि सहा पानांचा फॉर्म असतो. दोन्ही पोटऱ्या मोजायच्या, गुडघा किती अंश वाकतो ते बघायचं, प्रश्न विचारायचे. सीमेपलीकडचे रुग्ण दीड महिन्यांनी पुन्हा सोलापूरला येत नाहीत, म्हणून मीच निघाले होते. यादी केली होती माझ्या आधीच्या सहकाऱ्यानं. मी यातल्या कुणालाच पाहिलेलं नव्हतं.

आळंदच्या स्टँडवर जगदेवी अक्का उभ्या होत्या. त्या हुमनाबादच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, या फेरीत दुभाषी म्हणून माझ्यासोबत. मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषांत सारख्याच मोठ्या आवाजात बोलतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ऊटा आयता? जेवलीस का?"

"लाडू खाल्ला."

"लाडू म्हंजे जेवण न्हवं. चल."

पहिले रुग्ण शिवप्पा अण्णा, तुरीचे अडते. त्यांच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या गादीवर मांडी घालून व्यवहार होत आला. नव्या गुडघ्याला मांडी चालत नाही, म्हणून अण्णांनी खुर्ची आणली. खुर्चीसाठी टेबल आलं, टेबलासाठी गादी मागं सरली, आणि शेवटी त्यांचा भाऊसुद्धा नाइलाजानं खुर्चीत बसायला लागला.

"अण्णा वर बसलेत तवापासून तुरीचा भाव बी वर गेलाय," समोरचा व्यापारी ओरडला.

"तुझा गुडघा कवा बदलायलास? भाव पाडायचाय," अण्णा म्हणाले. मग बायकोशी कन्नडमध्ये, हमालाशी दखनीत आणि माझ्याशी मराठीत बोलत त्यांनी धोतर वर घेतलं. मी जमिनीवर बसून टेप लावला. माझी एक युक्ती आहे. मोजताना मी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, त्यामुळे दोघांचीही सोय होते.

"किती आलं?"

"चौतीस."

"पुन्यांदा मोज. एकदा मोजलेलं आमच्याकडं धरत न्हाईत."

पुन्हा मोजलं. चौतीस. अण्णांनी समाधानानं मान हलवली, आणि त्यांच्या घरी आम्हाला कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगांची चटणी वाढली गेली. ही कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. पुण्यात आम्ही भाकरी शिळी झाली की कुरकुर करतो. इथे ती मुद्दाम वाळवून मानानं वाढतात. चटणीचा हात फॉर्मच्या तिसऱ्या पानाला लागला, तो डाग अजून आहे.

हुमनाबाद

अक्कांच्या घरी मुक्काम. हायवे इतका जवळ, की लॉरी गेली की मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना लागायच्या. "ह्याच्याशिवाय मला झोपच येत न्हाई," अक्का म्हणाल्या.

इथले रुग्ण रहीमचाचा, निवृत्त लॉरी ड्रायव्हर. ते घरी नसतात, मुलाच्या ढाब्यावर असतात. ढाब्याच्या काउंटरमागं काचेवर त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे चिकटवलेला होता, देवादिकांच्या तसबिरी लावाव्यात अशा उंचीवर. उन्हाची तिरीप आली की धातूचा गुडघा लख्ख दिसतो. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला चाचा तो समजावून सांगतात.

"मेरेकु पट्टा बांधे थे की नै?" त्यांनी मला विचारलं.

"मला माहीत नाही, चाचा."

"तुमकु पता नै, मेरेकु पता नै, तो फिर पता किसकु है?"

"सोलापूरला एका बंद पाकिटात आहे."

हे उत्तर त्यांना फार आवडलं. दुपारपर्यंत आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, की त्यांच्या गुडघ्याचं गुपित पाकिटात बंद आहे. मोजमापं उत्तम होती. मी ढाब्यावर बसून दाल खाल्ली आणि मनात म्हटलं, हे काम मी उगीच अवघड समजत होते. प्रश्न छापलेले आहेत, उत्तरं लोक आपणहून देतात, आणि बोलायचं काम अक्का करतात.

ठाणाकुशनूर

तिसऱ्या दिवशी भालकीला मी चुकीच्या बसमध्ये चढले. अक्कांनी मला दंडाला धरून उतरवलं. "वाचता येत न्हाई तर विचारावं," त्या म्हणाल्या. कन्नड पाटी वाचता येत नाही हे खरंच होतं. विचारणं मला त्याहून अवघड जातं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ठाणाकुशनूर औरादच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. चार दिवसांपूर्वी येळवस झाली होती. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जाऊन जेवतं. पुण्यात मी हे नावही ऐकलं नव्हतं. वाटेत भेटलेल्या प्रत्येकीनं सांगितलं, की मी चार दिवस उशिरा आले आणि माझी भज्जी, म्हणजे त्या दिवशीची डाळी-भाज्यांची एकत्र भाजी, हुकली.

रुग्णाचं नाव सोजरबाई, वय पासष्ट, उजवा गुडघा. घरच्यांची पूर्वी मेंढरं होती. आता दोन शेळ्या, थोडं शेत आणि बाकी मजुरी. अंगण सारवलेलं होतं, सतरंजी अंथरलेली होती, आणि सतरंजीवर नवं लुगडं नेसून, उजवा पाय लांब करून एक बाई बसली होती. मी फोनवर वेळ सांगितली होती, पण इतकी तयारी आजवर कुणी केली नव्हती.

"या मॅडम. बसा. मोजा."

अक्का अंगणाच्या टोकाला सुनेशी बोलत उभ्या राहिल्या. मी आधार कार्ड मागितलं. ते लगेच हातात आलं. कार्डावरचा फोटो इतका काळपट होता, की तो कुणाचाही असू शकला असता, अक्कांचासुद्धा. मी पोटऱ्या मोजल्या. दोन्ही एकतीस. गुडघा एकशे अठरा अंश वाकला. दीड महिन्यात असा गुडघा मी पाहिला नव्हता. मग प्रश्न सुरू केले.

"चालताना दुखतं का?"

बाईंनी आतल्या दाराकडं पाहिलं. आतून आवाज आला, "न्हाई म्हण."

"न्हाई," बाई म्हणाल्या.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या पूर्ण घेतल्या?"

आतून, "घेतल्या म्हण."

"घेतल्या."

"सूज?"

आतून काहीच आलं नाही. बाईंनी थोडं थांबून आपलं आपणच सांगितलं, "सूज कशाची? काठीसारखा पाय हाय."

घरात कुणी म्हातारं असेल, त्यांना बोलायची हौस असेल, असं मी ठरवलं. व्रणाच्या रकान्यात 'भरलेला' लिहिलं. लिहिताना हात जरासा थांबला. व्रण पांढरट होता, सपाट, जुना. पण समोरची बाई माझ्याकडे बघून हसत होती, सुनेनं चहा आणला होता, आणि विचारायचं तरी कसं? मी चहा प्यायले, आभार मानले आणि निघाले.

स्टँडवर लिंबाखाली बसल्यावर मी म्हटलं, "अक्का, तो व्रण दीड महिन्याचा वाटला नाही."

"म्हंजे?"

"दीड महिन्याचा लालसर काळा असतो, टाचण्यांचे ठिपके दिसतात. हा पांढरा पडला होता. वर्षभराचा तरी असेल."

अक्का माझ्याकडं वळल्या. "मग तवाच कामून बोलली न्हाईस?"

"त्यांना खोटं पाडल्यासारखं झालं असतं."

"अन् आतून बोलायली हुती ती कोण?"

भालकीची बस आली. कंडक्टरनं घंटी धरून आमची वाट पाहिली. अक्कांनी हातानं त्याला जायला सांगितलं आणि उठल्या. "चल. पर बोलायचं तू. कागद तुझ्या हातात हाय."

अंगणातली सतरंजी एव्हाना उचलली होती. मघाची बाई नवं लुगडं सोडून जुन्यात आली होती आणि शेळीला पाला टाकत होती, उजव्या पायावर खुशाल भार देऊन. आम्हाला बघून तिच्या हातातला पाला तसाच राहिला.

"आत कोण आहे?" मी विचारलं. हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.

मी चपला काढल्या आणि आत गेले. खाटेवर एक म्हातारी आडवी होती. उजवा पाय गोधड्यांच्या चळतीवर ठेवलेला, गुडघ्यावर ताजा, काळसर, ठिपक्यांचा व्रण. पोटरी फुगून चकाकत होती. सून खाटेशी बसून कोमट तेलानं ती पोटरी खालून वर रगडत होती.

"चोळू नका! हात काढा आधी! हात काढा!"

ओरडणारी मीच होते. सुनेनं भाजल्यासारखा हात उचलला. तेलाची वाटी कलंडली. अक्कासुद्धा दारात थबकल्या.

"गुठळी असली तर चोळून सुटू शकते," मी खालच्या आवाजात सांगितलं. "सुटली तर छातीत जाते."

मग मी मोजलं. डावी पोटरी साडेएकतीस, उजवी छत्तीस. पुन्हा मोजलं. छत्तीसच. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर ताबडतोब कळवायचं, असं फॉर्मच्या शेवटच्या पानावर ठळक छापलेलं आहे.

"दम लागतो? छातीत दुखतं?"

खाटेवरच्या, खऱ्या सोजरबाईंनी मागोमाग आत आलेल्या जावेकडं पाहिलं. मघाशी अंगणात बसलेली ती हीच, कमलबाई. त्याच डॉक्टरांनी वर्षापूर्वी, आमचा अभ्यास सुरू व्हायच्या आधी, तिचा गुडघा बदलला होता.

"तिच्याकडं बघू नगंस. तू सांग," अक्का म्हणाल्या.

"दम न्हाई. पाय तेवढा जड हाय. येळवशीपासनं. गोळ्या संपल्या तवा पुन्यांदा आणल्या न्हाईत."

"मग हिला कामून बसवलाव भायेर?" अक्कांनी विचारलं.

उत्तर कमलबाईंनी दिलं, आणि लाजत नाही तर जरा चिडून. "शाळंत सायेब आला की मास्तर हुशार पोरं म्होरं बसवत्यात का न्हाई? तसं. तुमी डाक्टरनं केलेलं काम बगायला आलाव. हिचा पाय बगितला असता तर डाक्टरचं नाव खराब झालं असतं."

"नोकरी गेली असती त्याची," सून म्हणाली.

"त्यानं मला हाताला धरून चालवलंय," सोजरबाई म्हणाल्या. "मावशी म्हणायला हुता. लेकानं बी तसं चालवलं न्हाई. त्याच्यावर बोल यायचा असंल तर मी दवाखान्यात न्हाई येत. पाय आपोआप उतरंल."

म्हणजे सूज मोजून झाली, तरी काम संपलं नव्हतं. बाई हलायला तयार नव्हत्या, आणि त्यांच्या शिरेतलं काय कधी सुटेल ते कुणालाच माहीत नव्हतं. मी बोलायला लागले. चांगलं बोलले असं म्हणता येणार नाही. तीन वाक्यं अर्धी सोडली. मी सांगितलं, की मी साहेब नाही, मला पास-नापास करता येत नाही. आम्हाला सगळे पाय हवेत, चांगलेही आणि सुजलेलेही. फक्त चांगलेच लिहिले तर ज्या पद्धतीनं पाय सुजतात तीच पद्धत बरोबर ठरेल.

"पर डाक्टरला काय होणार न्हाई, कशावरनं?"

मी सरांना, म्हणजे त्यांच्या त्याच डॉक्टरांना, फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सरांनी आकडे पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाले, "मावशी, तुम्ही माझ्यापासून लपवलंत?"

"तुझ्यासाठीच की रं."

"उद्या दुसरी एखादी मावशी माझ्या टेबलावर येईल. तिच्या पायाचं काय करायचं, हे मला तुमच्याच पायावरनं कळणार. तुम्हीच लपवलं तर मी कुणाला विचारू? जीप बोलवा आणि बिदरला निघा. आत्ता. चालत जीपपर्यंत जायचं नाही, उचलून न्यायचं."

सोजरबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "मग तसं म्हणायचं की आधी," त्या म्हणाल्या. "कमल, माझं जुनं लुगडं घे. नवं तू सकाळी मळवलंस."

बिदर

बिदरबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ असणार. किल्ला आहे, जुने घुमट आहेत, काळ्या धातूवर चांदीच्या तारांचं काम करणारे कारागीर आहेत. मी पाहिली ती सोनोग्राफीची खोली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोजरबाईंच्या डाव्या मांडीवर यंत्र दाबलं. पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसत होती. दाबल्यावर त्यातलं एक चपटं होऊन नाहीसं झालं. "ही चांगली शीर. दाबली की मिटते," त्या मला म्हणाल्या. मग उजव्या गुडघ्याच्या मागं दाबलं. वर्तुळ तसंच राहिलं. पुन्हा दाबलं. मिटेना.

"दगडावानी बसलंय," पडद्याकडं बघत सोजरबाईच म्हणाल्या.

गुठळी गुडघ्यामागच्या मोठ्या शिरेत होती. वर मांडीत चढली नव्हती. छाती साफ होती. पोटावर रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं आणि त्यांना दाखल करून घेतलं. कमलबाई सोबत राहिल्या. अक्कांनी माझ्यासमोर उसळ आणि भाताचं ताट ठेवलं. ते मी संपवलं. शेवटचं कधी जेवले होते ते आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्म घेऊन त्यांच्या खाटेशी बसले. सूज तेवढीच होती, ती उतरायला वेळ लागतो, पण सोजरबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि चहा पाणचट आहे अशी तक्रार करत होत्या. मला चुकीचे आकडे दुरुस्त करायचे होते. कमलबाई वाकून बघायला लागल्या.

"माझं खोडायलाव? पार?"

"खोडावंच लागतं. पण एकच रेघ मारायची असते. खालचं वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे. बाजूला सही, तारीख आणि कारण."

मी रेघ मारली. कमलबाईंनी कागद जवळ धरून वाचलं. "एकतीस. एकशे अठरा." त्यांनी कागद परत दिला. "असू द्या. दिसतंय की."

कारणाच्या जागी मी लिहिलं, 'रुग्णाऐवजी रुग्णाच्या जाऊबाईंचे मोजमाप झाले. तपासणाऱ्या व्यक्तीने शंका येऊनही वेळेवर विचारले नाही.' ते वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. मग खाली खरे आकडे भरले. सोजरबाईंच्या मांडीला पट्टा होता की नव्हता, हे मला अजूनही माहीत नाही. तो पाय मात्र आता फॉर्ममध्ये आहे, जसा होता तसा.

"तिचं एकशे अठरा," सोजरबाईंनी विचारलं, "अन् माझं किती वाकलं?"

"पंच्याऐंशी."

त्यांनी पांघरुणाखालच्या पायाकडं आणि मग जावेकडं पाहिलं. "तू पुन्यांदा कवा यायलीस?" त्यांनी मला विचारलं.

"तिसऱ्या महिन्याला."

"ये. अन् त्या टायमाला हिला आत बसव. भायेर मी बसते."

"आतनं मी सांगीन की," कमलबाई म्हणाल्या, "न्हाई वाकत म्हण."

सोजरबाई इतक्या हसल्या, की नर्सनं येऊन त्यांना दम लागतोय का ते पाहिलं. लागत नव्हता. मी तेही लिहिलं.